नऊ वाजताची रेघ

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मी आईवडिलांच्याही आधी बस्त्याव घोन्साल्विस हे नाव घेतो. आईला हे ठाऊक आहे आणि तिला ते मान्यही आहे. "आम्ही तुला नुसतं धाडलं," ती म्हणते, "ठेवलं त्यांनी."

मेलबर्नच्या पश्चिमेला ट्रुगानिना नावाची नवी वस्ती आहे. एकाच साच्यातून काढल्यासारखी घरं, प्रत्येक दुसऱ्या घराच्या दारात तोरण, आणि शेवटची गल्ली संपली की एकदम उघडं माळरान. त्यात दगड आणि काटेरी झुडपं. हवा स्वच्छ असली की माळरानाच्या पलीकडे, थेट उत्तरेला, मॅसेडनचा डोंगर दिसतो. त्या शेवटच्या गल्लीत बस्त्यावकाकांचं घर होतं. रोज सकाळी नऊला पाच मिनिटं कमी असताना ते कानटोपी घालून परसात यायचे. तिथे चार पायांवर उभी केलेली एक पांढरी लाकडी पेटी होती. जुन्या कपाटाची पट्ट्यापट्ट्यांची दारं कापून त्यांनी ती स्वतः बनवली होती. आत दोन तापमापक, बाजूला पाऊस मोजायचं नळकांडं. काका घड्याळाकडे बघत उभे राहायचे आणि नऊ वाजले की दार उघडायचे. एक मिनिट आधी नाही, एक मिनिट नंतर नाही. वाचलेला आकडा आधी मोठ्याने म्हणायचे, मग मोठ्या वहीत मराठी अंकांत लिहायचे. बावीस वर्षांच्या वह्या घरात रांगेने लावलेल्या होत्या.

त्या वह्यांत मधूनमधून आकड्याच्या जागी नुसती आडवी रेघ दिसायची. ते आजारी होते तो दिवस, मर्सीकाकू गेल्या तो दिवस. मी एकदा म्हणालो, "काका, आदल्या आणि दुसऱ्या दिवसाच्या मधला आकडा टाकला असता तर कुणाला कळलं असतं?"

"मला कळलं असतं," ते म्हणाले. "पोरा, जे दिसलं ते लिहायचं. दिसलं नाही तर रेघ ओढायची. रेघ ओढायला लाजू नये, आकडा बनवायला लाजावं."

मी योगेश, मूळचा परभणी जिल्ह्यातल्या मानवतचा. वडील नगरपालिकेत पाणी सोडायचे. कुठल्या गल्लीचा व्हॉल्व्ह किती वाजता उघडायचा, हे त्यांचं काम. घराण्यातला पहिला पदवीधर मी. इथे एम.एस. करायला आलो तेव्हा पोट भरायला एका शीतगृहात अर्धवेळ काम धरलं. काका तिथे आमच्या पाळीचे मुकादम होते. वसईहून इथे येऊन त्यांना तीस वर्षं झाली होती आणि ती सगळी गोठवलेल्या वाटाण्यांच्या आणि माशांच्या खोक्यांमध्ये गेली होती. गोरे सहकारी त्यांना 'बॅझ' म्हणायचे.

पहिल्या दिवशी मी गोठवण्याच्या खोलीत शिरलो आणि तोंडातून 'आई गं' निघालं. मागून मराठीत आवाज आला.

"आई इथे नाही. किती आहे?"

मी दचकून वळलो. "काय किती?"

"टेम्परेचर."

"उणे वीस असेल."

"असेल? दाराशी जा, पाटीवर बघ, मग सांग."

मी गेलो. पाटीवर उणे साडेअठरा होतं. परत येऊन सांगितलं. "दीड डिग्रीचं खोटं बोललास," ते म्हणाले. "बघितल्याशिवाय आकडा बोलायचा नाही. एवढं कळलं तर बाकीचं काम मी शिकवीन."

महासाथ आली तेव्हा आमच्या भाड्याच्या घरातली बाकीची तीन मुलं मिळेल त्या विमानाने भारतात परतली. एकट्याला ते घर झेपणारं नव्हतं. विद्यापीठ बंद, परदेशी विद्यार्थ्यांना सरकारी मदत नाही. मी मायदेशी परतायचं ठरवून काकांचा निरोप घ्यायला गेलो. पदवीला एक सत्र आणि एक प्रबंध उरला होता. काकांनी ऐकून घेतलं, आत गेले, मागच्या खोलीतली शिलाई मशीन उचलून बाहेर आणली आणि म्हणाले, "ही मर्सीची खोली. खिडकीतून पेटी दिसते. मी कधी उठलो नाही तर नऊचं रीडिंग तू घ्यायचं. हेच भाडं."

"काका, असं कसं..."

"कसं म्हणजे? हवामान तुझ्या परीक्षेसाठी थांबत नाही, तू हवामानासाठी कशाला थांबतोस? सामान आण."

त्या खोलीत मी प्रबंध लिहिला. रात्री जेवताना ते विचारायचे, "आज किती पानं?" आणि मी 'चारपाच झाली असतील' म्हटलं की घास हातात धरून नुसते बघत राहायचे. मग मी उठून पानं मोजून यायचो. वसईची सुकेळी, म्हणजे वाळवलेली केळी, त्यांना दर वर्षी कुणीतरी आणून द्यायचं. त्या वर्षी विमानंच नव्हती. शेवटच्या पुड्यातली दोन उरलेली सुकेळी त्यांनी कपाटात वर ठेवून दिली होती. "बर्फ पडला की खाऊ," म्हणाले.

कारण काकांना एकच गोष्ट बघायची राहिली होती. आभाळातून पडणारा बर्फ. ज्याने आयुष्य उणे तापमानात काढलं त्याने बर्फ पडताना पाहिला नव्हता. "फ्रीझरमधली थंडी ही पगाराची थंडी," ते म्हणायचे. मॅसेडनवर हिवाळ्यात दोनचारदा बर्फ पडतो, काही तासांत वितळतो. काका आणि मर्सीकाकू बातमी ऐकून कितीतरी वेळा धावले होते. पण पाळी संपवून, डबा बांधून, गाडी काढून पोचेपर्यंत खाली चिखल आणि कुणाच्या मुलांनी केलेला मळका बाहुला एवढंच उरलेलं असायचं. काकू म्हणायच्या, "आपण दोघं म्हणजे मिस्सा संपल्यावर देवळात पोचणारी माणसं." मी एकदा विचारलं, लांबच्या मोठ्या डोंगरांवर का नाही गेलात, तिथे तर तिकीट काढून महिनाभर बर्फ असतो. त्यांनी हात झटकला. "तिकीट काढून बघायचा बर्फ म्हणजे सर्कशीतला वाघ. आपल्या डोंगरावर येईल तो खरा."

अशा वेड्यांचा त्यांचा एक गट होता. आधी महिन्यातल्या एका शनिवारी बागेत जमायचे, सॉसेज भाजायचे आणि दिवसभर ढगांवर बोलायचे. टाळेबंदीत हे दर रविवारी व्हिडिओ कॉलवर व्हायला लागलं. त्यांतल्या दोघांशीच या गोष्टीचा संबंध आहे. एक ट्रेव्हर, ट्रक चालवून निवृत्त झालेला. तो मॅसेडनच्या उतारावरच राहायचा आणि काकांचा अकरा वर्षांचा दोस्त होता. दुसरा शशांक, पुण्याचा, आयटीतला, आमच्यापासून तीन गल्ल्या सोडून राहणारा. त्याच्या छपरावर महागडं यंत्र होतं, ते दर मिनिटाला आकडे त्याच्या फोनवर पाठवायचं.

त्या वर्षीचा हिवाळा मवाळ निघाला. जून गेला, जुलै गेला, काकांच्या वहीत किमान तापमानाचे आकडे सहासाताच्या खाली उतरेनात. टीव्हीवरची बाई हसत सांगायची की घरात अडकलेल्या लोकांना निदान ऊन तरी मिळतंय. काका टीव्ही बंद करायचे.

"काका, हवामानाचं मॉडेल म्हणतंय बुधवारी आठशे मीटरपर्यंत बर्फ," शशांक कॉलवर सांगायचा.

"मॉडेलला म्हणावं, बुधवारी चहाला ये. गेल्या बुधवारीही येणार होतं."

"बॅझ, माझी वॅटल फुललीसुद्धा," ट्रेव्हर म्हणायचा. "हिवाळा गेला, मेट."

"तुझ्या झाडाला कॅलेंडर वाचता येतं का रे? ऑगस्ट आहे अजून."

मध्येच शशांकची आठ वर्षांची मुलगी पडद्यात डोकवायची. "डॅड, इज इट स्नोइंग यट?"

"नॉट यट, डार्लिंग," काका तिला सांगायचे. "तुझ्या बाबांच्या कॉम्प्युटरमध्ये मात्र रोज पडतो."

सगळे हसायचे. काका हसता हसता खोकायचे आणि मग बराच वेळ खोकतच राहायचे. त्यांची फुप्फुसं जुनी दुखणाईत होती. महासाथीचा तो आजार नव्हे, हे वर्षानुवर्षांचं दुखणं होतं. डॉक्टरांनी गार हवा वर्ज्य केली होती. आणि गार हवा वर्ज्य असलेला हा माणूस रोज गार हवेची वाट बघत होता. पाच किलोमीटरच्या बाहेर जायला बंदी होती. पन्नास किलोमीटरवरचा डोंगर त्यांच्यासाठी आता वसईइतकाच लांब होता. त्यांना दम किती लागतो हे पाहून एका रविवारी ट्रेव्हर म्हणाला, "बॅझ, ऐक. माझ्याकडे पहिलं भुरभुरायला लागलं की मी तुला व्हिडिओवर फोन करणार. व्हरांड्यात हात बाहेर काढून उभा राहीन. तू इकडे ये-जा करायची गरज नाही."

काकांनी खुर्ची पडद्याजवळ ओढली. मग म्हणाले, "रेकॉर्ड करून पाठवू नकोस हां. शिळा बर्फ मला नको. पडत असताना फोन कर."

"प्रॉमिस, मेट."

ऑगस्टमध्ये एका दुपारी त्यांचे ओठ निळे दिसायला लागले आणि मी रुग्णवाहिका बोलावली. मला सोबत जाऊ दिलं नाही. स्ट्रेचरवर बसल्या बसल्या त्यांनी तोंडावरचा मास्क बाजूला केला आणि म्हणाले, "पेटीचं दार दक्षिणेला आहे ते तसंच राहू दे. आपल्याकडे उत्तरेला करतात, इथे दक्षिणेला. सूर्य कुठल्या बाजूने येतो ते बघून दार लावायचं." रुग्णवाहिकेचं दार लागलं. त्यांना मी समोर पाहिलं ते तेवढंच, शेवटचं.

भेटायला बंदी होती. त्यांची मुलगी लीना पर्थला. तिकडच्या सीमा बंद. मग रोज सकाळी नऊ दहाला त्यांचा फोन यायचा. "बोल," एवढंच म्हणायचे. मी किमान, कमाल, पाऊस, वारा, ढग असं क्रमाने सांगायचो आणि ते तिथे एका छोट्या डायरीत उतरवून घ्यायचे. शेवटी विचारायचे, "आणि डोंगर?" त्यासाठी मी फोन घेऊन गल्लीच्या टोकाला जायचो आणि सांगायचो. दिसतोय, निळा आहे. दिसत नाही. दिसतोय, निळा आहे.

मग एकदाची थंडीची लाट आली. दोन दिवस वारा दक्षिणेकडून घोंगावत होता, कान तुटून पडतील असं वाटत होतं. तिसऱ्या सकाळी मी पेटी उघडली तेव्हा आत चार अंश होते, त्या हिवाळ्यातला सगळ्यात खालचा आकडा. फोन नऊ दहाला आला. काकांचा आवाज फार खाली गेला होता. दोन शब्दांच्या मध्ये श्वास ऐकू यायचा. आकडे झाले. मी गल्लीच्या टोकाला उभा होतो. समोर माळरान, त्यापुढे पावसाची राखाडी भिंत. डोंगर कुठे संपतो आणि ढग कुठे सुरू होतो, काहीच कळत नव्हतं.

"आज असणार," ते म्हणाले. "वारा... फिरलाय ना? आज असणार, पोरा. डोंगर?"

मी म्हणालो, "हो काका. ढग जरासे फाटले होते. वरचा कडा पांढरा आहे."

ढग फाटले होते, हे मी कुठून आणलं मला माहीत नाही. नुसतं 'हो' म्हटलं असतं तर एक खोटं झालं असतं. मी त्या खोट्याला खिडकीही काढून दिली.

पलीकडे डायरीवर पेन फिरल्याचा आवाज आला. मग ते हसले. "मर्सी," म्हणाले, "मर्सी गं." ते माझ्याशी बोलत नव्हते.

दुपारपर्यंत त्यांनी गटावर आवाजी संदेश टाकला: मॅसेडनवर बर्फ, योगेशने गल्लीतून पाहिला. ट्रेव्हरचं उत्तर लगेच आलं. "बॅझ, माझ्याकडे साधा पाऊस आहे. मी कुत्र्याला घेऊन वरपर्यंत जाऊन आलो. बर्फ नाही, मेट."

"वरचा कडा तुझ्या झाडीतून दिसत नाही. आमच्या माळरानातून दिसतो."

शशांकने एक आलेख टाकला. "काका, शून्य अंशाची पातळी डोंगराच्या बरीच वर होती आज. योगेशला बहुतेक फुललेली वॅटल दिसली असणार." पुढे हसरा चेहरा.

"पोरगं चुकलं असेल, बॅझ," ट्रेव्हरने लिहिलं. "होतं असं."

मी हे सगळं मर्सीकाकूंच्या खोलीत बसून वाचत होतो. त्या वेळी चार शब्द लिहिले असते तर सगळं तिथेच मिटलं असतं. मी लिहिले नाहीत. संध्याकाळी काकांचा फोन आला.

"पोरा, एकदाच विचारतो. पाहिलास ना?"

पहिलं खोटं मी दयेने बोललो, असं मी स्वतःला सांगत आलो आहे. दुसऱ्याला तसलं काही नाव देता येत नाही. मला फक्त त्यांच्या नजरेतून उतरायचं नव्हतं.

"पाहिला, काका."

"बस्स."

त्यांनी गटावर ट्रेव्हरला लिहिलं: "माझा पोरगा बघितल्याशिवाय बोलत नाही. अकरा वर्षांची दोस्ती, आणि तुला माझ्या घरच्या माणसाचा शब्द पुरत नाही. पुन्हा मला फोन करू नकोस." आणि ते गटातून बाहेर पडले. त्यानंतर मीही तो गट उघडला नाही.

दुसऱ्या दिवशी रोजच्यासारखा फोन आला. तिसऱ्या दिवशीही आला. मी सुरुवात केली, "किमान सहा पॉइंट..."

"राहू दे," ते म्हणाले. "काल जेवलास काय?"

"खिचडी."

"प्रबंध?"

"शेवटचं प्रकरण चालू आहे."

"बरं." फोन ठेवला. मला वाटलं थकले असतील. चौथ्या दिवशीही तेच. मी वही उघडून आकड्यांवर बोट ठेवून बसलो होतो, त्यांनी विचारलंच नाही. शेवटी मीच म्हणालो, "काका, रीडिंग घेऊन ठेवलंय."

"शशांककडून घेतो हल्ली," ते म्हणाले. "मशीन आहे त्याचं. मशीनला कुणाची दया येत नाही."

मी काही बोलणार तेवढ्यात ते म्हणाले, "ठेवतो. नर्स आलीय."

त्यांना कळलं होतं. कसं, ते मी आजतागायत शोधतो आहे. बावीस वर्षं वारा आणि ढग वाचणाऱ्या माणसाला एक घाबरलेला आवाज वाचता येत नसेल असं मला का वाटावं? पण ट्रेव्हरला फोन करायचा तर आधी म्हणावं लागलं असतं की माझा पोरगा खोटं बोलला. तेवढं ते कुणापाशी बोलले नाहीत. मला शिक्षा केली ती घरातल्या घरात, आणि बाहेर माझी लाज राखली. त्यानंतरही रोज नऊ दहाला फोन करून ते माझ्या जेवणाची आणि प्रबंधाची चौकशी करत राहिले. शिव्या दिल्या असत्या तर मी सुटलो असतो.

त्यानंतर आठवड्याभराने मी दळण आणायला, म्हणजे तयार पिठाची पिशवी आणायला, किराणा दुकानात गेलो. दीड मीटरच्या खुणेवर शशांक उभा होता. मास्कमधून म्हणाला, "अरे, काल सकाळी ट्रेव्हरकडे तुफान पडला! दीड तास! व्हिडिओ बघितलास की नाही? काका काय म्हणाले?"

मी पिशवी तिथेच ठेवून बाहेर आलो आणि ट्रेव्हरला फोन लावला.

"हो, पडला," तो म्हणाला. "मोठे मोठे कापसासारखे तुकडे. मी फोन हातात घेतला होता, मेट. त्याचं नाव काढलं होतं. मग त्याचं वाक्य आठवलं. म्हटलं, त्याला नकोय तर नको."

मी त्याला खरं सांगितलं. 

"त्याला सांगितलंस?"

"नाही."

"मग मला कशाला सांगतोस?" आणि त्याने फोन ठेवला. थोड्या वेळाने त्याचा व्हिडिओ आला. मी तो काकांच्या फोनवर पाठवला. पण त्याच दिवशी सकाळी नऊ दहाला काकांचा फोन आला नव्हता, त्याचा अर्थ मला तेव्हा कळला. वॉर्डात फोन केला तर नर्स म्हणाली, रात्रीपासून त्यांना मोठ्या मास्कवर ठेवलंय, बोलता येत नाही, फोन बंद करून पिशवीत ठेवलाय. व्हिडिओपुढे एकच टिक राहिली. अजून तेवढीच आहे.

मी पत्र लिहिलं. धुतलेल्या पायजम्याच्या घडीत ठेवून इस्पितळाच्या फाटकावर दिलं. हातमोजे घातलेल्या रखवालदाराने पिशवी घेतली, तिच्यावर नाव चिकटवलं. चार दिवसांनी काका गेले.

अंत्यविधीला दहा माणसांची परवानगी होती, आम्ही सहा जण होतो. लीना एका स्टुलावर ठेवलेल्या टॅबलेटमधून रडत होती. ट्रेव्हरला शहरात यायला बंदी होती. लख्ख ऊन पडलं होतं. पाद्री चांगल्या मनाने म्हणाले, निदान परमेश्वराने दिवस तरी छान दिला. मला त्या दिवसाचा राग आला. अजून आहे.

इस्पितळाने पिशवी परत केली. पायजमा मी घातलेल्या त्याच घडीत होता, आणि पत्र बंदच्या बंद. सोबत ती छोटी डायरी होती. मी सांगितलेले आकडे त्यांच्या थरथरत्या अक्षरात उतरवलेले होते. त्या सकाळच्या आकड्यांखाली 'मॅसेडन पांढरा' असं लिहिलेलं होतं. ते खोडलेलं होतं आणि शेजारी एक आडवी रेघ होती. तिसऱ्या दिवसापासून प्रत्येक आकड्यापुढे 'श.' होता. माझ्या पत्रातल्या कबुलीने त्यांना नवीन काहीच सांगितलं नसतं.

प्रबंध मंजूर झाला. पदवीदान पडद्यावर झालं. मानवतला वडिलांनी शेजाऱ्याच्या फोनवर ते पाहिलं. लीनाने घर विकलं तेव्हा पांढरी पेटी मी मागून घेतली. ती आता माझ्या परसात आहे, दार दक्षिणेला. दोन सुकेळी बराच काळ कपाटात होती, मग त्यांना किडे लागले. मी कुणाला त्यांच्याविषयी सांगायला बसलो की त्यांच्या शिस्तीचं, त्यांच्या प्रेमाचं सांगतो आणि तिथेच थांबतो. इथे मात्र थांबणं बरं नाही. ते पत्र मी शेवटी स्वतःच फोडलं. त्यात असं लिहिलं होतं:

*ती. काकांस,*

*सा. न. वि. वि.*

*हे पत्र नर्सबाईंना वाचता येणार नाही, म्हणून तुम्हाला मास्क काढल्यावरच कळेल. मी वाट बघेन.*

*त्या दिवशी मी गल्लीच्या टोकाला उभा होतो. मला डोंगर दिसला नाही. ढग फाटले नव्हते. मी ते बनवून सांगितलं. संध्याकाळी तुम्ही विचारलंत तेव्हाही मी पुन्हा खोटं बोललो. ट्रेव्हर खरं बोलत होता. त्याला मी फोन करून सांगितलं आहे. तो माझ्यावर चिडला आहे, तुमच्यावर नाही.*

*काल त्याच्या अंगणात दीड तास बर्फ पडला. हे मी पाहिलेलं नाही, त्याने पाहिलं आहे, म्हणून त्याच्या नावाने लिहीत आहे. त्याने फोन हातात घेतला होता. माझ्यामुळे त्याने तो केला नाही. हे मला तुमच्यापासून लपवता आलं असतं, पण आता लपवायचं नाही असं ठरवलं आहे.*

*तुम्ही मला राहायला जागा दिलीत आणि एकच काम सांगितलंत. पेटीत बघायचं आणि दिसेल ते सांगायचं. माझे वडील तीस वर्षं एकच काम करत आहेत आणि त्यांनी ते कधी चुकवलं नाही. मला तेवढंही जमलं नाही. तुम्ही मला रागवा. रोज जेवणाचं विचारू नका.*

*तुमच्या डायरीत त्या दिवसाची दुरुस्ती करावी, ही विनंती. किमान चार अंश. पाऊस नऊ मिलिमीटर. वारा नैर्ऋत्येकडून, जोराचा. आकाश पूर्ण ढगाळ. मॅसेडन: ———*

*तुमचा,*
*योगेश*

*ता. क. आज नऊ वाजता जाऊन आलो. हवा स्वच्छ आहे. डोंगर पूर्ण दिसतो. निळा आहे. बर्फ नाही.*